डंबेल्स उंदरांनी नेले

पोरी,

तुझे डंबेल्स पहाटे उंदरांनी पळवले. त्यातल्या मिशीवाल्याने जाताना मला सलामही ठोकला. शोधत बसू नकोस.

काल तुझा टी-शर्ट भिजत घालताना ऑपरेशनच्या टाक्यांच्या जागी रक्ताचा डाग दिसला. छाती मोठी करून घेतलीस, मी चकार शब्द काढला नाही. पण डॉक्टरांनी सध्या फक्त चालायला सांगितलंय आणि तू दार लावून वजनं उचलतेस! तुझी आईही दुखणं असंच लपवायची.

दवाखान्यात नंबर लावायला गेलेय. उठलीस की हळूहळू चालत ये. भिंतीवर तिचा एक फोटो पुरे. दुसऱ्यासाठी खिळा ठोकायचं बळ माझ्या हातात उरलेलं नाही.

— आत्या