रंजिताले कुठं सोडलं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नागपूरचे यूट्यूबवाले आज तांड्यात आले. गुन्ह्यांचे व्हिडिओ बनवतात म्हणे. ‘बंजारा गोरबोली गाण्यांतली रंजिता – खुनाला चार वर्षं, खुनी मोकाटच.’ याडीनं, माह्या मायनं, त्यांना चहा पाजला. पोलिसांपुढं बोलली होती तेच कॅमेऱ्यापुढं बोलली – "माह्या भारतनं बहिणीले पुसदच्या स्टँडवर नीट सोडलं. पुढचं देवाले माहीत."

मी गोठ्यात जाऊन बसलो. उद्या मले गाडी चालवाची आहे. त्या दिवशीचं सगळं परत करून दाखवाचं म्हणे.

४ नोव्हेंबर

रंजिताच्या जागी घाटंजीची निकिता नावाची पोट्टी आणली. एकवीस वर्षांची, रंजिता तेवढीच होती. हिलेही सिरियलमध्ये जायचं आहे. बॅग मांडीवर घेऊन माह्यामागं गाडीवर बसली. तांडा ते स्टँड तीनदा घेतलं. तिसऱ्या वेळी डायरेक्टर म्हणे, "भारतभाऊ, तुम्ही तर पक्के कलाकार निघालात."

स्टँडवर उतरताना निकितानं विचारलं, "दादा, ती शेवटी काय म्हणाली तुम्हाले?"

"टाटा केला," म्हटलं. आणखी एक खोटं.

५ नोव्हेंबर

एकदाचं लिहून टाकतो. मी तिले स्टँडपर्यंत नेलंच नाही.

रविवारी तिले पाहायले पाहुणे येणार होते, न् ही बाई ऑडिशनले नागपूरले निघाली. रस्ताभर भांडलो. फाट्यावर गाडी थांबवली न् म्हटलं – उतर. नाचली तेवढं बस झालं, तांड्यात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली तू. तिले वाटलं मस्करी करून राह्यलो. हसली. मग बॅग घेऊन उतरली. "दादा, अजून नऊ किलोमीटर आहे रे." मी गाडी वळवली. मागं पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी कालव्यात सापडली.

साहेबानं विचारलं, कुठं सोडलं? याडी बाजूले उभी होती. तिच्यासमोर कसं सांगू, पोरीले रस्त्यात उतरवून दिलं म्हणून? अन् मलेच धरतील याचंही भ्याव वाटलं. तोंडातून "स्टँड" निघालं. मग काय, पोलीस स्टँडच शोधत राह्यले. कॅमेऱ्यात ती कुठंच दिसली नाही, तर म्हणे गर्दीत हुकली असेल. सख्खा भाऊ सांगून राह्यला ना! स्टँडवरच्या बापूजी ऑटोवाल्याले अकरा दिवस रोज ठाण्यात बसवलं. काही निघालं नाही, पण बाया-पोरी अजून त्याच्या ऑटोत बसत नाहीत.

तिले म्हणत होतो, नाटकं करू नको. चार वर्षं नाटक मीच करून राह्यलो.

६ नोव्हेंबर

कापूस वेचाले बाया होत्या. ठाण्यात नाही गेलो. कापूस निमित्त, दुसरं काय.

७ नोव्हेंबर

गेलतो. फाट्याचं सांगतलं. आताचे साहेब नवीन आहेत, बराच वेळ खाली मान घालून लिहीत होते. मग म्हणाले, "त्या फाट्यावर पेट्रोल पंप आहे. तेव्हाच बोलला असता तर त्याचा कॅमेरा पाहिला असता. महिनाभरात पुसून जाते ते." पुढं म्हणाले, तपास परत उघडू, बोलावलं की यायचं. मी हो म्हटलं. तो महिनाभर मी घरीच होतो, भेटाले येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत.

परत येताना स्टँडवर बापूजीले गाठलं. सगळं सांगतलं. त्यानं ऑटो चालू केला न् रिकामाच निघून गेला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

याडीले सांगाची हिंमत होत नाही. चार वर्षं ती माह्या नावानं साक्ष देत फिरली.

८ नोव्हेंबर

उद्या पेपरात येईल, म्हणून चुलीपाशी बसून तिले सांगतलं. याडीनं तव्यावरची भाकर उलटली.

"मले माहीत होतं. पुसदले जाऊन यायले सव्वा तास लागते. तू त्या दिवशी माह्या भाकरी होयाच्या आत घरी आलता."

"मग काहून नाही बोलली?"

"एक लेकरू गेलं होतं," म्हणे. "दुसरं कायले देऊ?"