हारुनची बासी

मंगळवार, १८ नोव्हेंबर. आमगाव.

माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या हारुनला, फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला, आज सकाळी पोलीस घेऊन गेले. बांगलादेशी असल्याचा संशय, देशाच्या सुरक्षेची गोष्ट. "कागद गाव में हैं," एवढंच तो म्हणत राहिला.

मला काय सुचलं कोण जाणे! म्हटलं, "साहेब, तो आपल्याच इकडला आहे. रोज सकाळी माझ्यासंग बासी खाते."

शिपाई हसला. "काकू, रातचा भात पाण्यात भिजवून तिकडं बी खातेत." आणि वहीत लिहून घेतलं.

गेले वाचवायला, आणि पुरावाच देऊन बसले. हारुनने माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. तेच जास्त लागलं.

तो खरंच तिकडचा असेल का? असेलही. पोलिसांना तरी काय बोलू? दोन वर्षांत मीच कधी त्याला गाव विचारलं नाही. काऊन नाही विचारलं? विचारल्यावर तो निघून गेला असता, तर सकाळी माझ्यासमोर बसून खायला दुसरं होतं कोण?

आजही सवयीने भात दोघांपुरता रांधला गेला. उरलेल्यात पाणी ओतून ठेवलंय. सकाळी ठाण्यावर डबा नेऊ? नेला, तर तोही वहीत लिहितील.