आत्याबाई गेल्या, त्याची हकिकत

ग्लॉस्टरशायर, २ जून १७६८

डोरोथीताईस, गुडघ्यांची कुरकुर न ऐकता धाकटीने लवून केलेला नमस्कार.

दाढ कशी आहे? उपटून टाक एकदाची. (लॉर्ड थ्रॉसलच्या तोंडात एकही उरली नाही, तरी हरणाचं मांस सोडत नाही.)

तुझं मागचं पत्र फोडताना नेहमीचंच झालं. तू पत्रावर लाख लावतेस ती गवंड्यासारखी, त्यामुळे मोहोर निघताना मजकुराचा लचकाच तुटला. उरलं ते असं: "आत्याबाई बुधवारी", मग भोक, मग "गेल्या. जाताना मुळीच त्रास झाला नाही, झोपेतच होत्या. घर कसं शांत वाटतंय." आता यावरून माणसाने काय समजावं? मी रिवाजाप्रमाणे न्याहारीला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. होब्सनने (आमचा म्हातारा बटलर) पडदे ओढले. दुपारपर्यंत कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा काळी फीत आली.

माझ्या हेरिएटने थ्रॉसलशी लग्न करावं हा आत्याबाईंचा हुकूम तुला ठाऊकच आहे. तो साठीचा, पोर एकोणीसची, आणि तिचा जीव लेफ्टनंट फेनवर, ज्याची सगळी इस्टेट म्हणजे एक कोट आणि देखणे पाय. आत्याबाई असताना त्याचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती. म्हटलं, त्या गेल्याच आहेत तर सुतकात का होईना, बार उडवून टाकावा. बिशपकडून परवाना काढला, पाहुणे बोलावले नाहीत (सुतकाचा तेवढा फायदा), आणि पंधराव्या दिवशी लग्न लागलं. नवरी पांढऱ्यात, बाकी सगळे काळ्यात. थ्रॉसल मोठ्या मनाने जेवायला आला, आणि बाई चर्चमध्ये किती घोरायच्या ते सांगत त्याने अख्खी कोंबडी संपवली.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. बाथ गावच्या झऱ्याचं औषधी पाणी पिऊन टवटवीत झालेल्या आत्याबाई आत आल्या, सगळीकडे काळं बघून चरकल्या आणि होब्सनला म्हणाल्या, "कोण गेलं रे?"

"आपणच, बाईसाहेब," होब्सन म्हणाला, आणि त्यांची टोपी घ्यायला हात पुढे केला.

त्या बसल्या. माझी बाही चिमटीत धरून पाहिली आणि आपल्या सुतकाला इतकं हलकं रेशीम कोणी आणलं म्हणून विचारलं. मग नजर हेरिएटच्या झग्यावर गेली. पुढचा अर्धा तास लिहीत नाही, तुझ्याकडे पाद्री येतात. शेवटी मी तुझं पत्र पुढे केलं. त्यांनी भोकातून माझ्याकडे बघितलं आणि सगळा दोष तुझ्या लाखेवर ठेवला. हेरिएटने फेनचा हात सोडला नाही. लागलेलं लग्न आता थोडंच मोडतंय.

तुझी,
अरबेला

ता. क. आत्याबाई उद्या तुझ्याकडे यायला निघताहेत. लाख जास्त झाली हे मुकाट्याने कबूल कर, एवढीच विनंती.

आणखी एक, आणि हे मोठ्याने वाचू नकोस. लाखेला चिकटलेला तुकडा मला त्याच सकाळी, पडदे ओढत असतानाच मिळाला होता. "बाथला" असं स्वच्छ लिहिलं होतंस. सांगायला तोंड उघडलं, तर समोर हेरिएट रडायचा मनापासून प्रयत्न करत होती आणि तिला जमत नव्हतं. वर्षभर नुसता चहा पिणाऱ्या पोरीने लोणी लावून दोन पाव खाल्ले होते. मी तो तुकडा गिळून टाकला, ताई, लाखेसकट. तू खरंच फार लाख लावतेस.