स्थिर मानलेला तारा

सर,

आज दुपारी माझी विद्यार्थिनी केबिनमध्ये आली आणि तिने दार लावून घेतलं. "मॅम, मशीन बिलकुल ठीक आहे. बार-बार चेक केलं. ताराच हलतोय." कुठला, ते विचारावं लागलं नाही. तुमचाच तो महाराक्षसी तारा.

परदेशीपुऱ्यातल्या तुमच्या स्वयंपाकघरात पोहे परतता परतता तुम्ही मला ध्रुवित प्रकाश शिकवलात. गॉगलची काच डोळ्यासमोर धरून फिरवायला लावलीत आणि ओल्या ओट्यावरची चकाकी बघता बघता मावळली. प्रकाश एका दिशेला झुकलेला असला की असं होतं, म्हणालात. त्या ताऱ्याचा प्रकाश वाटेतल्या धुळीतून येताना असाच झुकतो, आणि धूळ काय आपल्या हयातीत बदलत नाही. म्हणून त्याला स्थिर मानायचं, यंत्र त्याच्यावर लावून घ्यायचं, मग बाकीचे तारे मोजायचे. तुमची जन्मभराची मोजमापं त्याच्यावर उभी आहेत. एकदा मी भीत भीत म्हटलं, सर, याचेच आकडे बदलतात. माझा कागद हातात न घेताच तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "तारा नाही डगमगत बाई, तुझा हात डगमगतो! जा, परत मोज." असा संताप आला होता! पण गेले. तेव्हापासून तो फरक यंत्राचा दोष म्हणून वजा करत आले. आपण सगळेच करतो.

पण असा तारा स्वतःच वायू फेकत असतो, कधी या अंगाने, कधी त्या, आणि त्याने प्रकाशाचा झुकाव बदलतो. पोरीने ते पक्कं दाखवलंय. त्याच यंत्रावर त्याच वेळी मोजलेले दुसरे तारे जागच्या जागी आहेत. तिचा पेपर छापायला गेला तर तुमचं सगळं काम पुन्हा तपासलं जाणार. अडवला तर तिच्या पीएचडीचं काय?

"मॅम, आजच पाठवायचाय. सरांचं नाव त्यातून काढू का? 'पूर्वीची मोजमापं' लिहून देते, चलेगा ना?"

ती माऊसवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मग म्हटलं, "नाव राहू दे. पाठव." तिने पाठवला.

तुमच्या घरात आता दुसरेच लोक राहतात, तेव्हा हे टपालात टाकायचा प्रश्नच नाही. म्हणून सांगून टाकते. तुम्ही गेलात तेव्हा मी पोरकी झाल्यासारखी रडले होते, सर. आज "पाठव" म्हणताना मात्र वाटलं, बरं झालं, तुम्ही नाही आहात.