दोन मिनिटांचं काम

४ नोव्हेंबर

नवी काठी आली. जुनी चावून चावून पार चेपली होती. फिजिओच्या बाई म्हणाल्या, "एवढं काय लिहिता हो?" म्हटलं, शिव्या. हसल्या. तसं खोटं नव्हतं.

तोंडात काठी, समोर टॅब, एकेक अक्षर. वेलांटी राहिली तर राहिली. मानेखालचं सगळं दुसऱ्यांच्या ताब्यात — कोणी कुशीवर वळवतं, कोणी पुसतं, कोणी लघवीची पिशवी बदलतं. एवढं एक पान माझं.

७ नोव्हेंबर

गुरुवार, न्हावी आला. हिनंच त्याला लावून दिलाय. दाढी करता करता येशूची एकेक गोष्ट सांगतो. वस्तरा गळ्यावर असताना वाद तरी कसा घालणार!

आज मीच त्याला अपघातानंतरच्या पहिल्या वर्षीची गोष्ट सांगितली. प्रार्थनेनं बरं करणारे म्हणून पाच जण आले होते, डोक्यावर हात ठेवून ओरडले — ऊठ, चाल! ही कोपऱ्यात श्वास रोखून उभी. मीही पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. खरंच बघत राहिलो! जाताना त्यातला एक हिला म्हणाला, "यांचा विश्वास कमी पडला."

न्हाव्याचा हात थांबला. "त्यांच्या वतीनं मी माफी मागतो, मिस्त्री. मला काही कोणाला उठवता येत नाही. मला दाढी करता येते."

१४ नोव्हेंबर

आजची गोष्ट लुळ्या माणसाची. चौघं जण त्याला बिछान्यासकट येशूकडे नेतात. गर्दीतून वाट मिळेना, तर छप्पर उचकटून खाली सोडतात. लिफ्टचा मिस्त्री म्हणून मला आवडलं. चारही कोपरे सारखे सोडले असणार, नाहीतर गेलाच असता धाडकन.

आणि येशू त्याला काय म्हणतो? तुझ्या पापांची क्षमा झाली!

"अहो, पण तो पायांसाठी आला होता ना!"

"पाय नंतर दिले. आधी हे."

"का?"

"ते त्या माणसालाच ठाऊक असणार, मिस्त्री."

डोकं फिरलं माझं. चहासुद्धा विचारला नाही त्याला.

१५ नोव्हेंबर

ती गोष्ट डोक्यातून जात नाही.

१८ नोव्हेंबर

लिहून टाकतो एकदाचं.

लिफ्टच्या टपावर मी, वर मशीनरूममध्ये लंबू. अकरा वर्षांचा जोडीदार. मी मिस्त्री, तो माझ्या हाताखाली, पण वयानं दोन वर्षं मोठाच. नियम साधा — टपावर माणूस असेल तर मेन स्विच बंद. लंबूनं वरून विचारलं, "बंद करू ना?" मी म्हणालो, "राहू दे रे, दोन मिनिटांचं काम आहे." घाई नव्हती. कुठं जायचं नव्हतं. कंटाळा, निव्वळ कंटाळा! खालून कोणीतरी बटण दाबलं, लिफ्ट हलली, मी तोल जाऊन खाली शाफ्टमध्ये.

हॉस्पिटलात कंपनीचे चौकशीचे साहेब आले. मी सांगितलं, "मी स्विच बंद करायला सांगितलं होतं. त्यानं केला नाही." मानेभोवती लोखंडी चौकट, तोंडाला कोरड, तरी ते वाक्य कसं स्वच्छ आलं!

लंबूनं नाकारलं नाही. का, कोण जाणे. घाबरला असेल. नोकरी गेली, परवाना गेला. आता दुकानांच्या शटरना ग्रीस लावत फिरतो. पहिल्या वर्षी दोनदा भेटायला आला होता. मी झोपेचं सोंग घेतलं.

तीन वर्षं झाली. आज पहिल्यांदा लिहिलं.

२१ नोव्हेंबर

न्हाव्याला सांगितलं. अर्धी दाढी झाली होती. वस्तरा ठेवून तो स्टुलावर बसला. वाटलं, म्हणेल देव माफ करतो, संपलं. म्हणाला, "देवाकडे मागू या. पण लंबूकडेही मागायला लागेल. ते मला तुमच्या वतीनं करता येणार नाही."

"प्रार्थना करू कशी? माझे हात जुळत नाहीत."

"तोंड चालतं की. चांगलं चालतं!"

मी म्हणालो, देवा, मी खोटं बोललो. आणि रडायलाच लागलो. नाक त्यानंच पुसलं, साबणाच्या टॉवेलनं. मग उरलेली दाढी केली.

२२ नोव्हेंबर

पाय तसेच. पडून पडून झालेली पाठीची जखम उलट चिघळलीय. पण सकाळी जाग आली तेव्हा खोलीत माझ्याजवळ कोणीतरी आहे असं वाटलं. ही नव्हती, ही आत भांडी घासत होती. घाबरलो नाही. पडून राहिलो — म्हणजे नेहमीसारखाच, पण आज पडून राहायला बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर

हिला सगळं सांगितलं, कंपनीला खरं कळवणार हेही. मला भरवत होती. चमचा तसाच हातात.

"लंबूची बायको बाजारात हसली होती माझ्याकडे बघून," ही म्हणाली. "मी चारचौघांत म्हटलं तिला, तुझ्या नवऱ्यानं माझ्या माणसाचं लाकूड केलं."

मग म्हणाली, "आणि आता कंपनीला कळवणार? त्यांनी दिलेला पलंग नेला, नर्स बंद केली, तर तुम्हाला कोण उचलणार? मीच ना?"

दार आपटून गेली. दोन तास कूस बदलायला कोणी नाही. तिचं बरोबर आहे.

२६ नोव्हेंबर

भरवते, पुसते, वळवते. बोलत नाही.

२ डिसेंबर

पत्रं झाली. एक कंपनीला, एक लंबूला. लंबूच्या पत्रात आधी बरीच कारणं लिहिली होती — औषधांची गुंगी होती, घाबरलो होतो, पुढं काय होईल कळत नव्हतं. सगळी पुसली. उरल्या चार ओळी.

हिनं छापून आणली. पाकिटांवर पत्तेही हिनंच घातले. डोळे सुजलेले. "त्याच्या बायकोचं माझं मी बघेन," म्हणाली.

१२ डिसेंबर

कंपनीचं उत्तर. दोन ओळी — आपले पत्र मिळाले. सदर प्रकरण यापूर्वीच बंद करण्यात आले आहे. झालं! पलंग राहिला. हिनं सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला, आणि लाज वाटली.

लंबूकडून काही नाही.

१९ डिसेंबर

न्हाव्याला विचारलं, लंबूनं कधीच माफ केलं नाही तर?

"तर नाही केलं. त्याचा हक्क आहे."

"मग मी काय करू?"

"वाट बघा. देव आहे सोबतीला. मी पण आहे, गुरुवारचा."

इतकी वर्षं मला वाटायचं, आशा म्हणजे पाय. आता दारावर कोणी आलं की छातीत धडधडतं — लंबू असेल. पेपरवाला असतो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा धडधडतं. हे मला कोणी दिलं? माझ्याकडे तर नव्हतं.

३ जानेवारी

लंबू आला.

म्हणाला, "तुझा जबाब कोणी खरा धरलाच नव्हता. वॉचमननं जिन्यातून आपलं बोलणं ऐकलं होतं, साहेबांना सांगितलंही होतं. चूक तुझी निघाली असती तर कंपनी तुझे उपचार थांबवणार होती. मीच म्हटलं, माझ्या नावावर लिहा."

मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला ना. अजून आहे," म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.