शास्त्रीबुवांचे प्रस्थान

॥ श्री ॥
ठाणे, नौपाडा
माघ शु. ३, शके १८११

राजमान्य राजश्री परशुरामशास्त्री, मु. कल्याण, यांस बाळाजीपंताचा सा. न. वि. वि.

सूनबाईस सातवा सरत आला. पौर्णिमेला आठवा लागेल. मग घरची मंडळी तिला उंबरठा ओलांडू देणार नाहीत. पहिलटकरणीने माहेरी जावे आणि न्यायला माहेरचे माणूस यावे, ही चाल काय मी काढली? आपण येणार म्हणून तिने तीनदा पेटी भरली. एकदा आपणांस पंचांगातली भद्रा आडवी आली, एकदा वैधृती, एकदा मांजर! पेटी उपसताना पोरीचे तोंड बघवत नाही. आपणांस काशीस जायचे नाही. आगगाडीने तासाभराचे ठाणे आहे. यावे, नाहीतर येत नाही म्हणावे.

राग पुष्कळ आहे. त्याच्या तळाशी लोभ आहे, तो हलवू नये.

॥ श्री ॥
कल्याण
माघ शु. ६

राजश्री बाळाजीपंत व्याही यांस परशुरामाचा सा. न. वि. वि.

पत्र कुटुंबास वाचून दाखवले. तिने आपली बाजू घेतली. वर मांजराचीही घेतली. पंचवीस वर्षे गावाला निर्मळ दिवस काढून दिले, आणि पोटच्या लेकीसाठी डागाळलेला घेऊ? आज सूर्योदयी प्रस्थान ठेवले आहे. धोतर, सुपारी, अक्षता यांचे गाठोडे ठाण्याच्या दिशेस राहणाऱ्या सखुबाईच्या घरी. म्हणजे शास्त्राने मी निघालो. देहाने दशमीस सकाळी निघेन. वाटेत गाठोडे उचलले की झाले. यात आपणांस हसण्यासारखे काय आहे, ते समक्ष सांगावे.

सुमतीस आशीर्वाद. आपणांस तूर्त नुसता नमस्कार.

॥ श्री ॥
कल्याण
माघ शु. १२

राजश्री बाळाजीपंत यांस सा. न. वि. वि.

काल दारात आपण जे बोललात त्याने अंग अजून जळते आहे.

दशमीस सखुबाईच्या दाराला कुलूप! किल्ली कमरेला लावून बाई लेकीकडे आंबिवलीस. गाठोड्यावाचून निघता येईना, म्हणून ठाण्याच्या बरोबर उलट दिशेस, भर राहुकाळात, होडीने नदी ओलांडून चालत गेलो. सखुबाईने ताक पुढे केले आणि म्हणाली की अहो शास्त्रीबुवा, मुहूर्तावाचून इथवर आलात, मग ठाण्याने काय घोडे मारले? मला संताप आला, कारण बाईचे खरे होते. किल्ली न घेताच परतलो व तशाच चिखलाच्या धोतराने गाडी गाठली.

आणि दुसरे दिवशी निघताना ऐकावे काय? ज्यांनी मला भद्रेवरून टोचले, त्यांनीच म्हणावे की शनिवारी सून कशी धाडू, सोमवारी बघू! हात धरून सुमतीस बाहेर काढले. आपण पाठीमागून विक्षिप्त म्हणालात, तेही ऐकले.

डोंबिवलीस तिला बोरे हवीशी झाली. उतरलो, गाडी आम्हांस टाकून गेली. तीन तास झाडाखाली बसलो. निम्मी बोरे ठेचलेली, म्हणून मी निवडीत बसलो, तर आप्पा, तुमचे निवडून होईतो बारसे येईल, असे म्हणून ती खदखदा हसली. लग्नानंतर तिचे हसणे मी प्रथमच ऐकले. मग मीही मुठीत येतील ती खाल्ली. इतका लांबचा प्रवास जन्मात झाला नव्हता.

बाळ काही मला विचारून येणार नाही. येईल त्या घटकेस कळवीन. आपण वार न पाहता, असाल त्या धोतरानिशी निघावे. भांडण येथे पुरे करू. तोवर लोभ पातळ होऊ देऊ नये.