तुझ्या मापाचा माउथपीस

प्रिय सेनापती,

पार्सल उघडल्यावर आधी हे पत्र हाती लागावं म्हणून ते मुद्दाम वर ठेवलंय. माउथपीस खाली आहे, मऊ फडक्यात गुंडाळलेला. खरं सांगते, इतका सुबक माउथपीस आजवर माझ्या हातून झाला नव्हता. सेनापती हे नाव आपल्या पाणबुड्यांच्या टोळीनं तुला दिलं होतं, आठवतं का? बोटीवर चढताना तू कायम सगळ्यांच्या पुढे आणि हवेच्या टाक्या उचलायची वेळ आली की बेपत्ता. नाव ठेवणारे आता पांगले, पण तू खरोखरच सेनापती झालास म्हणे. बंदरातल्या नव्या पाणबुड्यांना तूच शिकवतोस.

तुझी चिठ्ठी वाचून मला आधी हसू आलं. किती वर्षांनी बोलतोय, जुनं सगळं विसरून जाऊ, असं लिहिलंयस. विसरायचं कुणी आणि कधी, हे आजही तूच ठरवणार! पुढे जबड्याचं रडगाणं. पाण्याखाली थोडा वेळ गेला की कानामागे ठणकतं, हिरड्या सोलवटतात, बाजारातले सगळे माउथपीस वापरून झाले, आता तुझ्याच हाताला गुण येईल. येईल की. दुकानाच्या मागच्या खोलीत शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवून मी दिवसभर दुसरं करते काय?

लोक टाकीतली हवा तोंडाशी आणणारं रेग्युलेटर घेताना हजार चौकशा करतात आणि जो भाग तोंडात धरायचा, तो मात्र आला तसा वापरतात. दातांखाली धरायचे ते दोन चपटे कान आखूड असले की माणूस पुढच्या दातांनी करकचून चावतो आणि सगळा भार जबड्यावर येतो. फार लांब असले की घशाशी येऊन उमासे येतात. रुंद तोंडाला अरुंद माउथपीस दिला की ओठांच्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं. चांगला माउथपीस तोंडात आहे हेच विसरायला झालं पाहिजे. म्हणून मी गिऱ्हाइकाला कोरा तुकडा पाठवते. तो गरम पाण्यात मऊ करायचा, सावकाश चावायचा, थंड करून परत पाठवायचा, म्हणजे मी तो त्याच्या दातांप्रमाणे तासून देते. तूही अगदी शहाण्या मुलासारखा चावून पाठवलास. वर लिहिलंस की उजवीकडे जरा जास्त दाबलं जातं, तिकडचा सुळा पहिल्यापासून तिरका आहे. माहीत आहे मला. लग्न ठरलं होतं आपलं, तुझं हसू जवळून पाहिलंय मी.

त्या जहाजाखालचा दिवस मी कुणाशी बोलत नाही. पाणी गढूळ होतं, आपण दोघं जहाजाचा तळ खरवडत होतो आणि तुझं डोकं कशावर तरी आपटलं. तू वर जायला गेलास तर वर लोखंडच. मग तुझे हातपाय, बुडबुडे, आणि माझ्या तोंडातून काहीतरी हिसकलं गेलं. नाकातोंडात पाणी गेलेलं असताना मी चाचपडत माझं अडीअडचणीसाठीचं दुसरं रेग्युलेटर शोधलं, तुझा पट्टा धरला आणि जहाजाच्या कडेकडेनं तुला उजेडात आणलं. इतकं मला आठवत होतं. पण बोटीवर मी खोकत पडले होते आणि तुझं तोंड बोलायला मोकळं होतं. टोळीच्या मुकादमकाकांना तू सांगितलंस की ही घाबरली, हिनं माउथपीस थुंकला, मी हिला वर आणलं. दवाखान्यात माझा हात हातात घेऊन मलाही तेच सांगितलंस, इतक्या मायेनं, की घाबरल्यावर असं होतं गं, मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टरही म्हणाले, हवा कमी पडली की माणसाला उलटसुलट आठवतं. आणि मी विश्वास ठेवला! लोकांनी नाव ठेवलं भित्री भागूबाई, काम गेलं, मग तुझ्या घरच्यांना अशी घाबरट सून नकोशी झाली आणि तू मान खाली घालून त्यांचं ऐकलंस. काम गेल्याचं दुःख मी पचवलं. पण माझा माझ्याच आठवणीवरचा भरवसा तू नेलास, त्यासाठी मी तुला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

तरी हे सगळं असंच राहिलं असतं. पण ताईची लेक तुझ्या वर्गात आहे, हे तुला ठाऊक नसणार. परवा जेवताना ती पोट धरधरून हसत होती. सर काय मस्त नक्कल करतात, मावशी! कुणी भागूबाई म्हणे जहाजाखाली माउथपीस थुंकून मोकळी झाली आणि सरांनी तिला वाचवलं. सेनापती, तू माझा धडा केलास! दर वर्षी नव्या पोरांना हसवायला!

त्याच रात्री मी माळ्यावरून माझी जुनी पिशवी काढली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा टोळीनं पोचती केली होती, तशीच बांधलेली. त्यात त्या दिवशीचं रेग्युलेटर आणि त्यावरचा काळा रबरी माउथपीस. त्याचा उजवा कान जवळजवळ तुटलाय. मीच भीतीनं चावला असेन, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तो हातात असतानाच समोर टेबलावर तू चावून पाठवलेला तुकडा दिसला.

ताई दातांच्या कवळ्या बनवते, तिची नजर या कामात मुरलेली. कुणाचं काय ते न सांगता मी दोन्ही तिच्यापुढे ठेवले. तिनं दोन्हींचे प्लास्टरचे ठसे घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाली, अगं, तोंड एकाच माणसाचं आहे, हा तिरका सुळा बघ ना. मग माझ्या दातांकडे बघून म्हणाली, तुझं तर नव्हेच. मी तिच्या कामाच्या खोलीत जमिनीवर बसून ढसाढसा रडले. दुःखानं नाही रे. मी वेडी नव्हते, म्हणून.

तुला वाईट माउथपीस करून द्यावा, असं मनात आलं होतं, लपवत नाही. एक कान केसभर आखूड ठेवला असता तर तुझा जबडा जन्मभर ठणकत राहिला असता. पण मला तुझा जबडा ठणठणीत हवाय. शनिवारी तुझ्या वर्गात पहिल्या रांगेत मुकादमकाका बसलेले दिसतील. थकलेत, काठी लागते, पण येतो म्हणालेत. ताईचे दोन्ही ठसे त्यांच्या मांडीवरच्या डब्यात असतील. ते पाहिल्यावर काका एवढंच म्हणाले की त्याला त्याच्या तोंडानं सांगू दे, नाही सांगितलं तर मी सांगेन. त्यांच्या शेजारी मी असेन, माझ्या शेजारी ताईची लेक. भागूबाईची गोष्ट तू रंगवून सांगतोस म्हणे, ती मला ऐकायचीय, पहिल्यापासून आणि खरी. हे पत्र त्या आमंत्रणासाठी. येताना नवा माउथपीस घेऊन ये. अगदी तुझ्या मापाचा झालाय, आता दुसऱ्याच्या तोंडातला ओढून घ्यायला नको.

तुझीच,
भागूबाई